लँडमास्टरमधला रेडिओ

बोटाला जिथं काहीतरी लागायला हवं होतं तिथं काहीच लागलं नाही. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं नंदिनीला झालं. ती लँडमास्टर नावाच्या जुन्या मोटारीत पुढच्या सीटसमोर उताणी आडवी झाली होती, डोकं पेडलांजवळ, चष्मा कपाळावर, मोबाइलचा उजेड छातीवर ठेवलेला. डॅशबोर्डखालच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण तिनं नुकतंच काढलं होतं. आत सॉकेट होतं, चार भोकांचं, आणि त्यात काही नव्हतं. भोवती वर्षानुवर्षांची धूळ दाट बसलेली होती आणि मधोमध तेवढी गोल जागा, एखादी वाटी उचलल्यावर राहते तशी. तिनं पुन्हा बोट लावलं. मग हात तिथंच राहू दिला. बाहेर पोर्चमध्ये गाडीचा मालक धीरज कुणाशी तरी फोनवर सरकीच्या भावाबद्दल बोलत होता, गेटपाशी भाजीवाल्याचा भोंगा वाजत होता. खरंच होतं तर, तिच्या मनात आलं. बाबांनी खरंच काढला होता.

सकाळपासून ती रीतीनं एकेक गोष्ट बाद करत आली होती. तंत्रनिकेतनात तीस-एक वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना पोरांना ती हेच सांगायची, आधी सोपं बघा. बॅटरी ठीक होती. या जुन्या गाडीत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते, आताच्या गाड्यांच्या उलट. ते तिनं आधीच बघून ठेवलं, नाहीतर पहिल्याच वायरीला धूर निघाला असता. फ्यूज शाबूत होता. स्पीकरला टॉर्चचा सेल टेकवला तर तो खरखरला. कडक झालेले जुने कंडेन्सर तिनं गेल्या खेपेला बदललेच होते. बटण फिरवलं की डायलचा पिवळा दिवा लागत होता, आतल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या तारा निखाऱ्यासारख्या लाल होत होत्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं सगळं जिवंत आहे, पण आवाज म्हणून नाही, साधी गुणगुणही नाही. कारण गाडीची बॅटरी देते बारा व्होल्ट आणि या व्हॉल्व्हना लागतात दोनशेच्या वर. ते वाढवून देण्याचं काम एक अंगठ्याएवढा टिनचा डबा करतो. व्हायब्रेटर. आत एक पातळ पट्टी माशीच्या पंखासारखी थरथरत असते. तो सॉकेटमधून उपटला की रेडिओ मुका होतो, आणि उपटायला काही हत्यार लागत नाही, दोन बोटं पुरतात.

दोन बोटं. बाबांची बोटं लांब होती, अजूनही आहेत, नखांच्या कडेला ग्रीस कायमचं मुरलेलं. आर्वीला असताना बाबा, म्हणजे बाबाराव, या गाडीचे ड्रायव्हर होते. गाडी सदाशिवराव शेठची, कापसाच्या व्यापाऱ्याची. तालुक्यात रेडिओ असलेली गाडी तेवढी एकच. नंदिनी तेव्हा चौथीत की पाचवीत. एक दिवस रेडिओ वाजेनासा झाला, शेठनं नागपूरहून कारागीर बोलावला, त्यानं उघडून सांगितलं की बिघाड नाही, आतली वस्तूच कुणीतरी काढली आहे, विलायती वस्तू, आता मिळायची नाही. गाडीची किल्ली बाबारावांकडे. पोलिसात कुणी गेलं नाही, शेठ म्हणे तेवढा भला माणूस होता. फक्त किल्ली मागून घेतली. बाबा त्या संध्याकाळी लवकर घरी आले, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, उद्यापासून जायचं नाही. एवढंच. दोन वर्षांनी एसटीत लागले, आर्वी डेपोतूनच निवृत्त झाले, आणि त्या सगळ्या काळात त्या गोष्टीबद्दल घरात एक शब्द निघाला नाही. बाहेर मात्र निघत होता. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की कुणी काही म्हणायचं नाही, फक्त माना वळायच्या. नंदिनी तेव्हा मान खाली घालून पुस्तकातल्या एकाच ओळीवर बोट ठेवून बसायची. तिनं बाबांना कधी विचारलं नाही. विचारलं नाही कारण तिला उत्तर माहीत होतं. आता या सीटसमोर उताणं पडल्यावर तिला एक गोष्ट स्वच्छ कळली: आपण त्या चोरीवर विश्वास ठेवला होता. सगळ्या गावाबरोबर, गावाच्याही आधी. डिप्लोमाला असताना ग्रंथालयात जुन्या कार-रेडिओचं एक जाडजूड पुस्तक तिच्या हाती लागलं, तेव्हा परीक्षा तोंडावर असताना तिनं ते पानोपान चाळलं होतं, ते कशासाठी? काढून विकता येईल अशी वस्तू कोणती, हे शोधायला. सापडली तेव्हा तिला एक प्रकारचं समाधानही झालं होतं. मग कित्येक वर्षं तिच्या डोळ्यांपुढं एक चित्र होतं, नागपूरच्या इतवारीतलं एक अंधारं दुकान आणि काउंटरवर रुमाल सोडणारे बाबा. ते दुकान तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या पायरीचा फुटका कोपरासुद्धा तिला दिसायचा.

नवरा गेल्यावर ती वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेला बाबांजवळ राहायला आली. रिकामपणी जुने रेडिओ दुरुस्त करू लागली. त्यातून नाव झालं, आणि मागच्या महिन्यात धीरजचा फोन आला. आर्वी सोडून आता आम्ही वर्ध्यात असतो, म्हणाला, आजोबांनी घेतलेली गाडी आहे, नागपूरला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते त्यात न्यायची आहे, रेडिओ वाजला तर बहार येईल. त्यानं वडिलांचं नाव सांगितलं, सदाशिवराव शेठ, आणि नंदिनी, जिनं नको म्हणायला हवं होतं, ती हो म्हणाली. बाबांना तिनं एवढंच सांगितलं की एका जुन्या गाडीचा रेडिओ आहे. धीरजला काहीच सांगितलं नाही. त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो तेव्हा जन्मलाही नसेल.

"मॅडम, काही सापडलं का?" धीरजचे बूट दारापाशी आले.

"बघते आहे," ती म्हणाली. आवाज बरा निघाला.

खरं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी हात थांबेना. सॉकेटच्या वर, स्टीअरिंगचा दांडा जिथं आत शिरतो तिथं, पत्र्याची एक अरुंद फळी होती. खालून दिसणारी नव्हे, हात कोपरापर्यंत घालून उलटा वळवला तरच पोचणारी. उगाच, एखाद्या खोलीतून निघताना माणूस भिंतीवरून हात फिरवतो तसा तिनं तिथं हात फिरवला. बोटांना कापड लागलं. आणि कापडाच्या आत काहीतरी घट्ट, गोल, थंड.

ती ते मुठीत धरून तशीच पडून राहिली. इथंच आहे, इथंच होता, गाडीच्या बाहेर गेलाच नव्हता. तिला हसू येईल की काय असं वाटलं. ती इतवारीची पायरी, तो काउंटर, सोडलेला रुमाल, सगळं एका झटक्यात नाहीसं झालं. कारागीर आंधळा होता, शेठ आंधळा होता, गाव आंधळं होतं. आपणही आंधळे होतो. आता घरी जायचं, ही वस्तू बाबांच्या पुढ्यात ठेवायची आणि त्यांचे पाय धरायचे. तिनं मूठ उजेडात आणली. खाकी कापडाचं छोटं पुडकं होतं. त्याला गाठ नव्हती. कापडाची पट्टी दोनदा फिरवून शेवटचं टोक वेढ्याखाली मागून पुढं काढलेलं होतं, ओढलं की सुटावं असं. तिनं ते पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. बाबा डब्याचं फडकं असंच बांधायचे. औषधांची पिशवी, स्कूटरचे कागद, तिच्या पहिल्या नोकरीच्या दिवशी दिलेल्या दशम्या, सगळं असंच. गाठ बसली की बसते, ते म्हणायचे, पेच मारावा. दुसऱ्या कुणाला असा पेच मारताना नंदिनीनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

म्हणजे पडला नव्हता, निसटला नव्हता. काढला होता, पुसला होता, गुंडाळला होता आणि जपून ठेवला होता. चोर म्हणणाऱ्यांना ती आता नाही म्हणू शकत होती, पण मग काय म्हणायचं होतं, यासाठी तिच्याजवळ शब्दच नव्हता. चोराची मुलगी म्हणून तिनं स्वतःला घडवलं होतं, मान खाली, काम चोख, कुणाची टाचणीही स्वतःजवळ न ठेवणारी. ती ज्या माणसाची मुलगी होती तो कोण होता?

ती बाहेर आली, कपडे झटकले. "एक पार्ट आहे, तपासून आणते," असं धीरजला म्हणाली आणि पुडकं पर्समध्ये टाकलं. व्हरांड्यात धीरजच्या आई, अनुसयाबाई, उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, गुडघ्यावर शाल. त्यांनी पर्सकडे पाहिलं की नुसतंच तिच्याकडे, कळलं नाही. "चहा घेऊन जा न बाई," त्या म्हणाल्या. ती नको म्हणाली. स्कूटर गेटाबाहेर काढल्यावर तिला कळलं की या घरातली ती वस्तू खरं न सांगता बाहेर नेणारी पहिली व्यक्ती आपणच आहोत. सिग्नलपाशी मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तेव्हा दिवा केव्हाचा हिरवा झालेला होता.

बाबाराव अंगणात बाजेवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, पाठ अजून ताठ. नंदिनीनं पुडकं ताटलीच्या शेजारी ठेवलं. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली, दाणे ताटलीत टाकले, मग पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त दोन्ही हात मांडीवर आले आणि तिथं राहिले.

"त्याहिच्या घरी गेलती तू," ते म्हणाले.

"हो."

"हा तू काऊन आणला?"

"का म्हणजे? बाबा, मी..."

"हा तिथलाच होता. मी काढला, पण गाडीच्या बाहेर नाई नेला. तू नेला."

ती खाली बसली, थेट फरशीवर. तिला राग आला होता हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. एवढ्या वर्षांनी तिला रागवायचा हक्क आहे की नाही याचा हिशेब तिच्यानं लागेना. "काढला काऊन मंग?" ती म्हणाली. शिकवण्याची भाषा गळून पडली होती. "आणि काढला तर सांगितलं काऊन नाई? दाखवून द्यायचं होतं. मले शाळेत काय काय..."

"मालूम आहे मले," ते म्हणाले. "मालूम होतं."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, तिच्याकडे न बघता, एसटीत असताना रस्त्याबद्दल सांगायचे तशा सपाट आवाजात. गिरडच्या दर्ग्यावरून परत येत होते. शेठचा काही नवस होता. मागं शेठ आणि अनुसयाबाई, पुढं शेठचे साळे, ते परभणीकडून आलेले. दिवस मावळत होता. रेडिओवर बातम्या लागल्या. ते विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचं चाललं होतं तेव्हा, मराठवाड्यात. वस्त्या जाळल्या, माणसं शेतात पळाली, असं रेडिओवाला सांगत होता. "साळा म्हणाला, आमच्या अथी बी पेटलं. हसला. शेठ म्हणाला, नाव पाह्यजे होतं न त्याहिले, घ्या म्हणा आता नाव."

नंदिनीला वाटलं इथंच संपलं. पण बाबांचे हात मांडीवर एकदा उघडून मिटले.

"मंग शेठ मले म्हणाला, काय रे बाबाराव, बरोबर आहे का नाई?"

"मग?"

"मी म्हणलं, हौ शेठजी."

तुरीच्या टरफलांवर एक मुंगी चालत होती. नंदिनी तिच्याकडे बघत राहिली, कारण बाबांच्या तोंडाकडे बघणं शक्य नव्हतं.

"त्याहिचं काय, ते बोलणारच होते," बाबाराव म्हणाले. "मले हौ म्हणायले कोणी लावलं होतं? गाडी माह्या हातात होती. थांबवता आली असती, उतरता आलं असतं. काईच केलं नाई. हौ म्हणलं अन् गियर टाकला. घरी आणून गाडी पुसली, सीट पुसली, काच पुसली. मंग वाटलं, उद्या पुन्हा बातम्या लागन. पुन्हा इचारन. मी पुन्हा हौ म्हणन. मंग हात घालून काढला. शर्टाची बाही फाडली, बांधून ठेवला. चोर म्हणले तं म्हणले. चोर म्हणत होते तवा बरं वाटत होतं मले. हौ म्हणणाऱ्यापेक्षा चोर बरा."

बाबांच्या पायांना हात लावायला ती आली होती. ते पाय समोर होते, रबरी चपलेत, अंगठ्याचं नख काळं पडलेलं, आणि तिचा हात उचलेना. एका सकाळीत हा माणूस चोर होता, निर्दोष होता, पुन्हा कोणी दुसराच होता, आणि आता समोर बसलेला हा म्हातारा तिनं जणू पहिल्यांदाच पाहिला होता. तिला आठवलं, लहानपणी बाबा कुणाच्याच होला हो म्हणत नसत. दुकानदार म्हणायचा, काय ऊन आहे बाबाराव. बाबा नुसतं वर बघायचे. आई चिडायची, म्हणायची तोंडात काय आहे तुमच्या. नंदिनीला वाटायचं हा चोराचा अबोला आहे.

बाबाराव उठले. आत जाऊन धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं नेहमीसारखे क्षणभर थांबले. "चाल," म्हणाले. "ठेवून येऊ."

"मी देऊन येते. तुम्ही बसा."

"तुले नाई जमणार. तुले ते इचारतीन अन् तू काई तरी चांगलंच सांगशीन."

स्कूटरवर मागं बसून त्यांनी पुडकं मुठीत धरलं होतं. वर्ध्याच्या रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, रसवंतीवाल्यांची घुंगरं वाजत होती, कॉलेजची पोरं-पोरी घोळक्यानं रस्ता ओलांडत होती. नंदिनीला पाठीवर त्यांच्या मुठीचा दाब प्रत्येक खड्ड्याला जाणवत होता.

गेटातून आत शिरताना धीरज पुढं आला. त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग नंदिनीकडे. नंदिनी म्हणाली, "हे माझे वडील." एवढं वाक्य या घरात उच्चारायला तिला आयुष्य लागलं होतं, आणि ते इतक्या सहज निघालं की तिलाच विश्वास बसेना. बाबाराव गाडीकडे गेले नाहीत. त्या लँडमास्टरकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. ते सरळ व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी जाऊन उभे राहिले. अनुसयाबाई खुर्चीत सावरून बसल्या. डोळे बारीक केले. शाल गुडघ्यावरून घसरली ती त्यांनी उचलली नाही.

"बाबाराव," त्या म्हणाल्या. "आले का तुम्ही."

पूर्वी या घरात त्यांना कुणी तुम्ही म्हणत नसे, हे नंदिनीला पक्कं ठाऊक होतं.

बाबारावांनी पेच ओढला. खाकी फडकं सुटलं. टिनचा डबा अजून चकचकीत होता. "हा गाडीतला आहे," ते म्हणाले. "मी काढलता. शेठजी राह्यले नाई, म्हणून तुम्हाले सांगतो."

धीरज म्हणाला, "म्हणजे? आई, हे काय..."

"मले मालूम आहे," अनुसयाबाई म्हणाल्या. त्या धीरजशी बोलत नव्हत्या. "तुम्ही गाडी पुसत होते न त्या दिवशी. मी आर्वीच्या घरी वरच्या खिडकीत होती. हात घातला, काढला, बाही फाडली. मी सारं पाह्यलं."

एका खिडकीत एक बाई उभी होती. इतकी वर्षं तो प्रसंग एकट्या बाबांचा नव्हताच; पाहणारं कुणीतरी होतं, आणि ते रोज जेवत होतं, झोपत होतं, सणाला साड्या नेसत होतं. "तुम्ही पाहिलं," ती म्हणाली, "आणि ते चोर नाहीत हे सांगितलं नाही? तुमच्या दारावरून यांना चोर म्हणून घालवलं. एक शब्द बोलला असता तर..."

अनुसयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाज नव्हती, तेच नंदिनीला भयंकर वाटलं. होतं ते इतकं जुनं होतं की त्याला लाज हे नाव राहिलं नसावं.

"काढला असं सांगितलं असतं पोरी," त्या हळू म्हणाल्या, "तं काऊन काढला ते बी सांगा लागलं असतं."

धीरजच्या हातातला फोन वाजला आणि त्यानं तो न बघता बंद केला. बाबाराव दोन पायऱ्या चढले. अनुसयाबाईंचा हात खुर्चीच्या हातावर उताणा पडला होता, त्यावर त्यांनी तो डबा ठेवला. फडकं घडी करून स्वतःच्या खिशात घातलं. ते त्यांचं होतं. अनुसयाबाईंनी मूठ मिटली नाही. तशाच उघड्या तळव्यावर ती वस्तू घेऊन त्या बसल्या.

"चाल नंदे," बाबाराव म्हणाले. ते पायऱ्या उतरून गेटाकडे निघालेही, ताठ, एसटीतून उतरून डेपोकडे चालायचे तसे.

"मॅडम," धीरज तिच्या मागं आला. काय विचारायचं ते त्याला सापडत नव्हतं, म्हणून त्यानं जे तोंडी आलं ते विचारलं. "रेडिओचं काय झालंय नेमकं?"

नंदिनी थांबली. शिकवताना थांबायची तशी.

"रेडिओला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आईंना विचारा."